पहिलं आयव्हीएफ फसलं, वय 41: पुढं काय करू?

नमस्कार ताई,

मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वय 41. यजमान 45 वर्षांचे, बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत भट्टीवर असतात. लग्न उशिरा झालं. दोन वर्षं गोळ्या-इंजेक्शनं झाली, मग या फेब्रुवारीत आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) केलं. पाच बीजं मिळाली, दोन गर्भ तयार झाले, दोन्ही आत सोडले (ट्रान्सफर). चौदाव्या दिवशी बीटा (गरोदरपणाची रक्ततपासणी) निगेटिव्ह आली. ट्रान्सफरनंतर तिसऱ्या दिवशी मी बसनं चंदगडला मामेबहिणीच्या लग्नाला गेले होते. सासूबाई म्हणतात, त्या हादऱ्यानंच गेलं. माझ्याही डोक्यातून ते जात नाही. पावणेदोन लाख गेले, त्यात लाखभर सोसायटीचं कर्ज आहे. डॉक्टर म्हणतात, आता दुसऱ्या बाईचं बीज घ्या. जाऊबाई म्हणतात, कोल्हापूरला एका ठिकाणी 70 टक्के यशाचा फलक आहे, तिथं जाऊ. ज्योतिषी म्हणतात, पुढच्या वर्षी गुरुबळ आहे, तोवर थांबा. यजमान काही बोलतच नाहीत. या वयात दुसऱ्यांदा करून होईल का? की आता आशा सोडायची? आणि शाळेत रजा मागताना काय सांगू? नाव छापू नका.

– एक वाचक, खानापूर तालुका

---

ताई,

तुमच्या पत्रात उपचारांचे प्रश्न बरेच आहेत, पण मला सगळ्यांत जास्त टोचली ती चंदगडची बस. म्हणून आधी तेच बोलूया.

तुमचा गर्भ बसच्या हादऱ्यानं गेला नाही. ट्रान्सफर करतात तेव्हा तो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा असतो, नुसत्या डोळ्यांना दिसणंही मुश्कील. गर्भपिशवी ही आतून रिकामी पोकळी नसते. तिच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि त्यांच्या मऊ, ओलसर अस्तरात गर्भ ठेवला जातो. बेळगावी कुंद्याच्या, म्हणजे खव्याच्या मिठाईच्या, गोळ्यात रुतलेला खसखशीचा दाणा डबा हलला म्हणून बाहेर पडत नाही, तसंच हे. ट्रान्सफरनंतर बायकांना झोपवून ठेवावं की लगेच उठू द्यावं, यावर बरेच अभ्यास झाले आहेत. झोपून राहिल्यानं फायदा होतो असं त्यातून दिसलं नाही. उलट काहींमध्ये लगेच हिंडत्या-फिरत्या झालेल्या बायकांना जास्त यश आलं. आपल्याकडच्या किती बायका डोक्यावर भारा घेऊन शेतातून येतात आणि त्यांना दिवस गेल्याचं महिन्यानं कळतं, ते सासूबाईंनाही ठाऊक आहे. त्या वाईट बाई आहेत असं मला म्हणायचं नाही. दुःखाला कारण हवं असतं आणि बस समोर होती. पण त्यांच्या वाक्याचं ओझं तुम्ही वाहायचं कारण नाही. लग्नाला गेलात, चांगलं केलंत.

मग गेलं कशानं? बहुतेक वेळा कारण बीजातच असतं, आणि ते बीज तुमच्याइतकंच वयाचं असतं. बाई जन्माला येते तेव्हाच तिची सगळी बीजं तिच्या अंडाशयात असतात, नवी तयार होत नाहीत. वय वाढतं तसं बीज पक्व होताना गुणसूत्रांची वाटणी चुकायला लागते. चाळिशीनंतर तयार होणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रं कमी-जास्त असतात. असे गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतात, डॉक्टर 'ग्रेड चांगली आहे' म्हणतात, आणि तरी ते रुजत नाहीत किंवा रुजून दोन-अडीच महिन्यांत थांबतात. यात तुमचं खाणं, चालणं, नवस, रडणं, कशाचाच संबंध नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: दुसऱ्यांदा करून होईल का?

ब्रिटनमध्ये आयव्हीएफ करणाऱ्या प्रत्येक बाईची सरकारी नोंद ठेवली जाते. तिथल्या 2003 ते 2010 या काळातल्या 1,56,947 बायकांच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्याचा विषय अगदी तुमचाच होता: पहिला प्रयत्न फसल्यावर पुढं जावं का. 40 ते 42 वयाच्या, स्वतःचं बीज वापरणाऱ्या बायकांत पहिल्या प्रयत्नात बाळ हाती आलं ते साधारण 12 टक्क्यांना. म्हणजे शंभरातल्या 88 जणी पहिल्यांदा तुमच्यासारख्याच रिकाम्या हातानं घरी गेल्या. पण ज्या पुढं करत राहिल्या त्यांची संधी दर प्रयत्नागणिक थोडी-थोडी साठत गेली, आणि सहा प्रयत्नांपर्यंतचा अंदाज निघाला तो साधारण 31 टक्के. चाळिशीच्या आतल्या बायकांत हाच आकडा 68 टक्क्यांपर्यंत गेला. आणि 42 च्या पुढं, स्वतःच्या बीजावर, एकेका प्रयत्नात यश 4 टक्क्यांच्याही खाली आलं.

हे आकडे तिथले आहेत. तिथं एक प्रयत्न म्हणजे एकदा बीजं काढणं आणि त्यातून झालेले सगळे गर्भ, ताजे आणि गोठवलेलेही, वापरून होणं. तुमचा आकडा तुमच्या तपासण्यांप्रमाणे थोडा वर-खाली असेल. पण या हिशेबातून दोन गोष्टी मला अगदी स्पष्ट दिसतात. पहिला प्रयत्न फसला म्हणजे तुमचं शरीर नापास झालं असं नाही. या वयात तो फसणं हेच जास्त घडतं. आणि दुसरी, जिच्यासाठी मी हे उत्तर लगेच लिहायला बसले: तुमच्याकडे महिने आहेत, वर्षं नाहीत. 41 आणि 43 यांतलं अंतर कॅलेंडरवर दोन वर्षांचं दिसतं, पण बीजाच्या बाबतीत ते फार मोठं आहे.

म्हणून गुरुबळासाठी थांबू नका. देवावर माझीही श्रद्धा आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन यल्लमाची ओटी भरायची असेल तर या मंगळवारी-शुक्रवारी जाऊन या, मनाला बरं वाटेल. पण उपचाराची तारीख पत्रिकेवरून ठरवू नका. 41 व्या वर्षी एक पूर्ण वर्ष वाट बघायला सांगणं हा मला सल्ला वाटत नाही, तो तुमच्या हातातला सर्वांत महागडा खर्च आहे. तीन-चार महिने थांबलात तर मात्र फारसं बिघडत नाही, आणि तेवढे लागणारच आहेत, कारण पुढच्या खेपेच्या आधी काही कामं करायची आहेत.

पहिलं काम: फाइल आणा. ज्या केंद्रात फेब्रुवारीत उपचार झाले तिथून सगळी कागदपत्रं मागून घ्या. 2021 च्या एआरटी (साहाय्यित प्रजनन) कायद्यानुसार काय उपचार केले याचा तपशील लिहिलेलं प्रमाणपत्र केंद्रानं जोडप्याला द्यायचंच असतं, आणि रुग्णानं मागितल्यावर वैद्यकीय नोंदी 72 तासांत देणं हा डॉक्टरांसाठी नियम आहे. भीड बाळगू नका, हे उपकार नाहीत. कागद इंग्रजीत असतील, संमतीपत्र कन्नडमध्ये असेल, तुम्ही ते मराठीत समजावून मागा. आपल्या भागात किती बायका न कळणाऱ्या कागदावर सही करून येतात आणि नंतर घरी येऊन भाच्याला वाचायला सांगतात! तुम्ही तर शिक्षिका आहात. सही करायच्या आधी एकेक ओळ विचारा, वेळ लागू द्या.

फाइलमध्ये काय बघायचं ते सांगते. पाच बीजं मिळाली असं तुम्ही लिहिलंय. 41 व्या वर्षी पाच हा वाईट आकडा नाही. पण त्यातली पक्व किती होती? फळली किती? गर्भ तिसऱ्या दिवशी सोडले की पाचव्या? अस्तराची जाडी किती होती? या प्रत्येक ठिकाणी गळती वेगळी असते आणि तिचा उपायही वेगळा. पाचातली दोनच पक्व निघाली असतील तर इंजेक्शनांचा डोस, पद्धत किंवा शेवटच्या इंजेक्शनची वेळ बदलून बघता येते. पक्व चार होती आणि फळली दोनच, तर शुक्राणूकडे बघायला हवं. अस्तर सात मिलिमीटरच्याही आत राहिलं असेल तर दुर्बिणीतून गर्भपिशवी आतून बघून घेतल्याशिवाय पुढचा ट्रान्सफर करू नये असं मला वाटतं. आपल्या देशात जननमार्गाचा टीबी हे बायकांना मूल न होण्याचं एक मोठं कारण आहे. खोकला नाही, ताप नाही, आणि आतून नळ्या आणि अस्तर खराब झालेलं असतं. तसंच एखादी नळी पाण्यानं फुगलेली असेल तर ते पाणी गर्भपिशवीत उतरून गर्भाला रुजू देत नाही. अशी नळी आधी काढली किंवा बंद केली तर आयव्हीएफचं यश वाढतं, हे पक्कं ठाऊक असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक आहे. थायरॉइड आणि साखर तपासलेली नसेल तर ती याच आठवड्यात.

एएमएचचा (अंडाशयातल्या संप्रेरकाच्या रक्ततपासणीचा) आकडा आला की बायका घाबरून मला पत्रं लिहितात. एएमएच बीजं किती शिल्लक आहेत ते साधारण सांगतं, चांगली किती ते सांगत नाही. बीजाचा दर्जा ठरतो वयावरून. एएमएच कमी असलेली तिशीतली बाई आणि एएमएच बरा असलेली चव्वेचाळिशीतली बाई, यांत पहिलीची संधी जास्त असते.

दुसरं काम यजमानांचं आहे, आणि ते तुमच्या पत्रात कुठंच नाही म्हणून मी जरा जोर देऊन लिहिते. ते भट्टीवर काम करतात. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा थंड जागा लागते, म्हणून तर निसर्गानं ती पिशवी बाहेर ठेवली. रोज आठ-आठ तास वितळलेल्या लोखंडासमोर उभं राहणाऱ्या माणसाच्या शुक्राणूंवर त्या उष्णतेचा परिणाम होऊ शकतो. त्यात तंबाखू असेल, आणि निपाणीच्या इतक्या जवळ राहून आपल्याकडे ती कुणाच्या खिशात नसते, तर आणखी. त्यांची तपासणी एकदाच झाली होती का? 'थोडं कमी आहे, पण चालेल' असं म्हणून पुढं गेले का? पुन्हा करायला सांगा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे आज तंबाखू सोडली आणि कंपनीत विनंती करून तीन महिने भट्टीवरून मशीन शॉपला किंवा तपासणीच्या टेबलावर बदली घेतली तर पुढच्या खेपेला वापरले जाणारे शुक्राणू या काळातले असतील. तुम्ही स्वतः मिश्री लावत असाल तर तीही आजच थांबवा. हे विचारलं म्हणून रागावू नका. शिकल्यासवरल्या बायकाही सकाळी मिश्री लावतात आणि तिला तंबाखूत धरत नाहीत. फॉलिक ॲसिडची गोळी रोज सुरू ठेवा. कुणी पूड, भस्म, काढा दिला असेल तर तो डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, काही भस्मांत शिसं आणि पारा सापडलेला आहे.

यजमान बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही वाटत नाही असं समजू नका. गावाकडच्या पुरुषाला या विषयावर बोलायला कुणी शिकवलेलंच नसतं. 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारलंत तर पुन्हा गप्पच बसतील. त्यापेक्षा रविवारी दुपारी सासूबाई झोपल्या की एक कोरा कागद घेऊन बसा आणि तीन गोष्टी दोघांनी मिळून लिहा: अजून किती वेळा करायचं, जास्तीत जास्त किती पैसे घालायचे, आणि कुठल्या महिन्यानंतर थांबायचं. आकड्यांवर बोलायला पुरुषांना सोपं जातं. हे तिन्ही आकडे पुढची खेप सुरू व्हायच्या आधीच ठरलेले हवेत. निगेटिव्ह रिपोर्ट हातात असताना 'अजून एकदा' हा शब्द तोंडातून फार सहज निघतो, आणि मग सोन्यावर कर्ज, शेतावर बोजा अशी रांग लागते. आधीचं लाखाचं कर्ज निम्मं तरी फिटेपर्यंत नवं मोठं कर्ज काढू नका, एवढं मी ठामपणे सांगेन.

आता कोल्हापूरच्या फलकाचं. 70 टक्के कशाचे, हे विचारा. बीटा पॉझिटिव्ह आलेल्यांचे, सोनोग्राफीत ठोके दिसलेल्यांचे, की बाळ घेऊन घरी गेलेल्यांचे? पंचविशीतल्या दात्याच्या बीजावर केलेल्या केसेस त्यात धरल्या आहेत का? उपचार सुरू केलेल्या सगळ्या बायकांमागे आहे, की ज्यांचा ट्रान्सफर झाला त्यांच्यापुरता? तुम्ही इतकंच विचारा: '41 ते 42 वयाच्या, स्वतःचं बीज वापरणाऱ्या बायका गेल्या वर्षी तुमच्याकडे किती आल्या, आणि त्यातल्या किती जणींना बाळ झालं?' जे डॉक्टर या प्रश्नाचं सरळ उत्तर देतील, आकडा लहान असला तरी, त्यांच्याकडे जा. यशाची शक्यता, खर्च, धोके हे आधी समजावून सांगणं कायद्यानं केंद्राची जबाबदारी आहे. आणि कायदा केंद्र सरकारचा आहे, त्यामुळे बेळगाव असो, हुबळी असो की कोल्हापूर, नियम तेच. केंद्राची नोंदणी झालेली आहे का ते आधी बघा.

लांबच्या केंद्राचा एक त्रास आपल्या भागातल्या बायकांनाच कळेल. इंजेक्शनं सुरू झाली की दहा-बारा दिवस एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी असते, आणि शेवटचं ट्रिगरचं (बीजं पक्व करणारं) इंजेक्शन घेतल्यावर 34 ते 36 तासांत बीजं काढावीच लागतात. ती वेळ चुकली की सगळं वाया. सीमेवर काही पेटलं की पहिल्यांदा बंद होतात त्या गाड्या. 2025 च्या फेब्रुवारीत भाषेच्या वादातून कर्नाटक-महाराष्ट्र बस बंद पडल्या होत्या, ते आठवत असेल. कोल्हापूरच ठरवलंत तर निदान शेवटचे चार दिवस तिकडं एखाद्या नातेवाइकाकडे मुक्कामाला राहा. सुरुवातीच्या सोनोग्राफ्या बेळगावात करून रिपोर्ट फोनवर पाठवायला बरीच केंद्रं तयार असतात, तेही विचारा. तितकंच चांगलं केंद्र बेळगावात मिळत असेल तर मी जवळचंच निवडेन.

'ॲड-ऑन' म्हणून बिलात वाढणाऱ्या गोष्टींपासून जपा. अस्तराला ओरखडा काढण्याची पद्धत बरीच वर्षं चालली. 1,364 बायकांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल 2019 मध्ये आला, आणि ओरखडा काढलेल्या व न काढलेल्या दोन्ही गटांत बाळं सारख्याच प्रमाणात झाली होती. अंडाशयात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून वेगळा केलेला द्रव) सोडून बीजं 'तरुण' करण्याची जाहिरात तुम्ही ऐकली असेल, तिला तसा भक्कम आधार नाही. गर्भाची गुणसूत्रं तपासणं ही खरी तपासणी आहे, पण ती खराब गर्भाला चांगलं करत नाही, फक्त निवड करते. तुमच्याकडे दोनच गर्भ असतील तर निवडायला फारसं उरत नाही. चार-पाच साठवता आले तर तिला अर्थ येतो. (त्या तपासणीतून मुलगा की मुलगी हे कुणी सांगतो म्हणाला तर तिथून उठून या. तो गुन्हा आहे.)

साठवण्याचा उल्लेख केला, तर ते सांगते. तुमच्या वयाला काही डॉक्टर लागोपाठ दोन वेळा बीजं काढून गर्भ गोठवून ठेवतात आणि मग ट्रान्सफर करतात. म्हणजे आजच्या वयाचे गर्भ हाती राहतात. खर्च वाढतो, पण 'दोन ट्रान्सफर, मधे आठ महिने' यापेक्षा हे मला शहाणपणाचं वाटतं. डॉक्टरांशी याच्यावर नक्की बोला.

माझं मत विचाराल तर असं: फाइल बघून डॉक्टरांना स्वतःच्या बीजात अजून दम दिसत असेल तर आणखी एकदा, फार तर दोनदा, स्वतःच्या बीजावर करा, आणि ते बेचाळिसावं संपायच्या आत. त्यानंतर त्याच वाटेवर पैसे घालू नका.

आणि दात्याचं बीज. डॉक्टरांनी ते सुचवलं तेव्हा तुम्हाला अपमान वाटला असणार, पत्रात 'दुसऱ्या बाईचं' असं तुम्ही लिहिलंय त्यावरून जाणवतं. पण डॉक्टर खोटं बोललेले नाहीत. दात्याच्या बीजावर यश ठरतं ते दात्याच्या वयावरून, तुमच्या नाही. ब्रिटनच्या नोंदींत चाळिशीपुढच्या बायकांत स्वतःच्या आणि दात्याच्या बीजात जो फरक दिसतो तो कित्येक पटींचा आहे. आपल्या कायद्यात दाती 23 ते 35 वयाचीच असावी लागते, आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते, आणि ते नोंदणीकृत बँकेमार्फतच येतं. जन्मलेलं मूल कायद्यानं सर्वार्थानं तुमचं आणि यजमानांचं असतं, वारसाहक्कासकट. दातीचा त्याच्यावर कसलाही हक्क राहत नाही. नऊ महिने ते तुमच्या रक्तावर वाढतं, दूध तुमचं पितं. तरीही मन तयार नसेल तर घेऊ नका. घाईनं होकार देऊन नंतर बाळाच्या नाकाकडे बघत बसणाऱ्या बायकांची पत्रं मला आली आहेत, आणि मूल मांडीवर आल्यावर हा विचार सात जन्मांत आला नाही असं लिहिणाऱ्यांची त्याहून कितीतरी जास्त. शेजारीपाजारी, भावकी, कुणालाही सांगायची गरज नाही. मुलाला मात्र कधी ना कधी, लहानपणीच, तुमच्या तोंडून कळलेलं बरं. ही वाट निवडलीत तर ट्रान्सफर एकाच गर्भाचा करायला सांगा. चाळिशीनंतरच्या गरोदरपणात बीपी आणि साखर वाढायचा धोका तसाही जास्त असतो, दात्याच्या बीजात बीपीचा आणखी, त्यात जुळं म्हणजे आईवर आणि बाळांवर दोन्हीकडून भार. कायद्यानं बाईला 50 आणि पुरुषाला 55 पर्यंत उपचार घेता येतात, तेव्हा या निर्णयाची आजच घाई नाही. घाई आहे ती स्वतःच्या बीजाची.

दत्तकाचं तुम्ही विचारलं नाही, पण एक हिशेब कानावर घालते. 'कारा'च्या (दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) नियमांत जोडप्याच्या वयांची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती 85 च्या आत हवी, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90, चार ते आठसाठी 100. तुमची बेरीज आज 86 आहे आणि दरवर्षी ती दोननं वाढते. म्हणजे तान्हं बाळ आता नियमात बसत नाही, पण दोन-तीन वर्षांचं, अंगणवाडीच्या वयाचं मूल बसतं. यादी लांब असते, वर्षानुवर्षं थांबावं लागतं. नाव नोंदवलं म्हणजे दत्तक घ्यायलाच हवं असं नाही. मनात कुठं कोपऱ्यात असेल तर नोंदणी याच वर्षी करून ठेवा, उपचार चालू असले तरी.

सासूबाईंशी काय बोलायचं? पुढच्या खेपेला त्यांना तारखाच सांगू नका. ट्रान्सफर कधी, रिपोर्ट कधी, हे दोघांतच ठेवा. त्या चौदा दिवसांत घरातल्या प्रत्येकाची नजर पोटावर असली की श्वास घेणं जड जातं. आणि घरी पट्टीवर आधीच तपासत बसू नका. ट्रिगरच्या इंजेक्शनमुळं सुरुवातीला खोटी रेघ येऊ शकते, आणि ती पुसली गेली की दोनदा रडावं लागतं. हळदी-कुंकवाला, डोहाळजेवणाला जायची इच्छा नसेल तर या वर्षी जाऊ नका. कुणी ओटीच्या वेळी तुम्हाला मागं सरकवलं तर तो त्या बाईचा कमीपणा आहे. फेब्रुवारीत तुमचं जे गेलं त्याचं दुःख करायला तुम्हाला कुणी वेळच दिला नाही असं पत्र वाचताना वाटत राहिलं. दोन गर्भ होते, तुम्ही त्यांची वाट बघितली होती. रडू येत असेल तर येऊ द्या. रात्र-रात्र झोप लागत नसेल, शाळेत मन लागत नसेल, असं महिनाभर चाललं असेल, तर केंद्रातल्या समुपदेशकाशी बोला; तो कायद्यानं तिथं असायलाच हवा आणि त्याच्याकडे जायला वेगळे पैसे मोजावे लागू नयेत, हेही विचारून घ्या.

राहिली रजा. आता पावसाळा चालू आहे. या महिन्यात फाइल आणि तपासण्या, पुढचे अडीच-तीन महिने औषधं, यजमानांची तंबाखू बंद, आणि मग दसऱ्याची सुट्टी येते. पाळीच्या तारखा जुळल्या तर इंजेक्शनांचे दहा-बारा दिवस आणि बीजं काढणं हे बहुतेक सुट्टीतच बसेल. नाही जुळल्या तर आधीच्या महिन्यात गोळ्यांनी पाळी दोन-चार दिवस मागं-पुढं करता येते का, ते डॉक्टरांना विचारा. बीजं काढतात त्या दिवशी भूल असते, तो दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस अशी रजा हवीच. अर्जात 'स्त्रीरोगविषयक शस्त्रक्रिया' एवढंच लिहा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, तेवढं पुरतं. मुख्याध्यापकांनी तोंडी विचारलं तर तेच सांगा. ट्रान्सफरच्या दिवशी भूल नसते. दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून शिकवायला हरकत नाही.